दवाखान्याच्या आठ ओळी

दवाखान्याचे नाव एक, लिप्या चार.
खाट धरलेल्याला खाटेवरून उठव.
मंदू म्हण, मत म्हण, मात्रा विचार.
दारूही एके काळी औषधच होती.
शेतातले औषध घरात आणू नकोस.
देवी आल्या तर नाव आदराने घे.
उतार पडला, मग बरा म्हण.
ज्याचे दुखणे, त्याच्या लिपीत लिही.

ओळी माझ्या आहेत आणि भाष्यही माझेच. जुने ग्रंथकार याला स्वोपज्ञ भाष्य म्हणत. ओळी दवाखान्याच्या भिंतीवर मावाव्यात म्हणून लहान ठेवल्या. त्यांत काय काय धरले आहे ते भिंतीवर सांगता येत नाही, म्हणून हे भाष्य.

भिंत तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातली. पैनगंगेच्या दक्षिणेचा हा मुलूख. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके याच जिल्ह्यात होते. भाषावार वाटणीत ते राज्याच्या सीमेच्या अलीकडे आले, पण पलीकडची मराठी पलीकडेच राहिली. तिथे तेलुगू आहे, उर्दू आहे, गोंडी आणि कोलामी आहे, बंजाऱ्यांची बोली आहे. आंध जमातीचे लोक मराठी बोलतात. गोंडांचे भाट असलेले परधान घरात मराठी बोलतात आणि गोंडांच्या कुळकथा मात्र गोंडीत गातात. अशा ठिकाणी आजारी माणूस एका भाषेत कण्हतो, दुसरीत विचारला जातो, तिसरीत त्याची चिठ्ठी लिहिली जाते. चीन, जपान आणि कोरिया यांच्या वैद्यकाची अक्षरे भाष्यात वारंवार येतील. त्या तीन देशांनी बरे करण्याचे शब्द एकाच लिपीतून घेतले आणि मग आपापल्या लोकांपर्यंत ते कसे न्यायचे याचा शतकानुशतके विचार केला. आदिलाबादला तो विचार हवा आहे.

ओळ पहिली : दवाखान्याचे नाव एक, लिप्या चार.

‘दवा’ अरबी, ‘खाना’ फारसी. निजामाच्या राज्यात राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात तर आधुनिक वैद्यकसुद्धा उर्दूतून शिकवले गेले. त्यामुळे ‘दवाखाना’ हा शब्द या भागातल्या प्रत्येक भाषेत मुरला. समुद्राकाठचा तेलुगू माणूस ‘आसुपत्री’ म्हणतो, तेलंगणातला ‘दवाखाना’ म्हणतो. २०१८ मध्ये तेलंगण सरकारने शहरी वस्त्यांमध्ये लहान दवाखाने सुरू केले, त्यांचे नावही ‘बस्ती दवाखाना’ असेच ठेवले. मराठी बोलणाऱ्याला हा शब्द शिकवावा लागत नाही, गोंडी बोलणाऱ्यालाही नाही.

‘लिप्या चार’ म्हणजे देवनागरी, तेलुगू, उर्दूची नस्तालिक आणि गुंजाळा गोंडी. चौथीविषयी आठव्या ओळीत.

पूर्वेकडे नेमके उलटे आहे. तिथे अक्षर एक आणि उच्चार अनेक. औषधाचे चिनी अक्षर पेकिंगचा माणूस ‘याओ’ वाचतो, जपानी माणूस कधी ‘याकु’ तर कधी आपल्या घरच्या शब्दाने ‘कुसुरी’ वाचतो, कोरियन ‘याक’ वाचतो. तिघांना एकमेकांचे बोलणे कळत नाही, पण औषधाच्या दुकानावरच्या पाटीवर हे अक्षर असेल तर ती कळते. आदिलाबादेत चौघांना एकमेकांचा शब्द कळतो आणि पाटी कळत नाही. कानाला ओळखीचे असलेले डोळ्याला परके, ही इथली अडचण आहे. ती सोडवायला नवा शब्द घडवावा लागत नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

आणखी एक. चिनी माणूस इस्पितळाला ‘यीयुआन’ म्हणतो, म्हणजे बरे करण्याची वास्तू. जपानी ‘ब्योइन’ आणि कोरियन ‘ब्योंगवॉन’ यांचा अर्थ मात्र आजाराची वास्तू. मराठीतही ‘आरोग्य केंद्र’ आणि ‘रुग्णालय’ असा हाच भेद आहे. ‘दवाखाना’ या दोहोंत बसत नाही. तो आरोग्याचे वचन देत नाही आणि आजाराची आठवणही करून देत नाही. इथे दवा मिळते, एवढेच सांगतो. पाटीवर तोच असावा.

ओळ दुसरी : खाट धरलेल्याला खाटेवरून उठव.

‘खाट धरली’ म्हटले की मराठी माणसाला आजाराचे नाव सांगावे लागत नाही. चिनी लिपीत आजाराशी संबंधित शेकडो अक्षरांना डावीकडून आणि वरून वेढणारी एक खूण असते. ताप, खरूज, वेदना, थकवा, वेड, सगळ्यांवर तीच. तिची अतिप्राचीन रूपे पाहिली तर ती खाट आहे, खाटेवर माणूस आहे, आणि काही रूपांत अंगातून गळणारे घामाचे थेंबही आहेत. जपानी लोक ‘इयासु’, म्हणजे बरे करणे, ज्या अक्षराने लिहितात त्यातही ही खाट आहे आणि तिच्या तळाशी ‘हृदय’ हे अक्षर आहे.

‘उठव’ हे क्रियापद मुद्दाम निवडले. आमच्याकडे बरा झालेला माणूस ‘उठून बसतो’, ‘हिंडूफिरू लागतो’. तपासणीतले आकडे सुधारले तरी घरच्यांना धीर येतो तो माणूस चुलीपर्यंत चालत आला म्हणजे.

ओळ तिसरी : मंदू म्हण, मत म्हण, मात्रा विचार.

‘मंदू’ तेलुगूतला आणि कोलामीतला. ‘मत’ गोंडीतला, आणि मराठीतल्या मताशी त्याचा काही संबंध नाही. हे दोन्ही, तमिळचा ‘मरुंदु’, कन्नडचा ‘मद्दु’, तुळूचा ‘मर्दु’, असे सारे एकाच द्राविडी मुळाचे फाटे आहेत. बरो आणि एमेनो यांच्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात हे कुटुंब एका नोंदीखाली सापडते. त्याच कोशात गोंडी आणि कोलामी शब्दांपुढे जागोजाग ‘एस. आर.’ अशी खूण आहे. ती सेतुमाधवराव पगडींची. निलंग्याला १९१० मध्ये जन्मलेला, हैदराबाद संस्थानच्या नोकरीत आदिलाबादला आलेला हा मराठी माणूस गोंडी आणि कोलामी शिकला, दोन्ही भाषांची व्याकरणे त्याने लिहिली. पुढे मराठी वाचकाने पगडींना शिवकालाचे इतिहासकार म्हणून ओळखले. त्यांचे हे आधीचे काम आपल्याकडे कमी आठवले जाते, आणि मला ते त्यांच्या इतिहासलेखनाइतकेच थोर वाटते.

मंदू महाराष्ट्राला अगदी परका नाही. गावोगाव जडीबुटी विकत फिरणाऱ्या वैदूंच्या घरची बोली तेलुगूच्या वळणाची आहे. ज्यांच्या पेटीतल्या मुळ्या आमच्या आज्या उगाळत, ती माणसे एकमेकांशी याच भाषेत बोलत होती.

‘मात्रा विचार’. या शब्दापाशी जरा थांबावे लागेल. मराठीत मात्रा म्हणजे औषधाचे प्रमाण. मात्रा म्हणजे सहाणेवर उगाळून द्यायची रसायनाची गोळी, जशी अखेरच्या घटकेला देत ती हेमगर्भाची मात्रा. आणि मात्रा म्हणजे अक्षराच्या डोक्यावरची तिरकी रेघ, जिच्यामुळे ‘म’चा ‘मे’ होतो. उपाय चालला तर ‘मात्रा लागू पडली’, न चालला तर ‘मात्रा चालली नाही’. तेलुगूत ‘मात्र’ म्हणजे सरळ औषधाची गोळी, आज मेडिकलच्या दुकानात मिळते ती. म्हणजे दोन्ही भाषांच्या रुग्णांना, आणि औषध देणाऱ्यालाही, विनासायास कळेल असा हा शब्द तयार पडला आहे. किती, केव्हा, कशाबरोबर हे सगळे त्यात येते. रुग्ण औषधाचे नाव विसरला तर चालेल, मात्रा विसरून चालत नाही. म्हणून क्रियापद ‘विचार’, आणि ते रुग्णाला उद्देशून आहे.

पूर्वेकडच्या औषधाच्या अक्षराविषयी इथेच सांगतो. वर गवताची खूण, खाली एक अक्षर ज्याचा अर्थ संगीत किंवा आनंद. गवत आणि आनंद मिळून औषध, असा गोड अर्थ पुष्कळदा सांगितला जातो. तो मला स्वीकारता येत नाही. खालचा भाग मुख्यतः उच्चार दाखवण्यासाठी आहे. इ. स. १०० च्या सुमारास श्यू शेन याने केलेल्या अक्षरकोशातही या अक्षराचा अर्थ रोग बरा करणारी वनस्पती असा साधाच दिला आहे. अक्षराकडून कविता काढून घेण्याचा मोह भाष्यकाराने आवरावा. गवत मात्र खरे आहे. झाडपाला हेच पहिले औषध, हे त्या अक्षरातही आहे आणि आपल्या ‘औषधी’ या शब्दातही, कारण संस्कृतात ओषधी म्हणजे वनस्पतीच.

ओळ चौथी : दारूही एके काळी औषधच होती.

ही ओळ वाचून कोणी दचकेल. व्यसनाला आधार द्यायला ती लिहिलेली नाही, शब्दांचा गुंता दाखवायला लिहिली आहे. त्या गुंत्यात खरोखर माणसे अडकतात.

फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध. मराठीत ‘दवादारू’ या जोडशब्दात तो अर्थ अजून जिवंत आहे. एरवी मराठीतली दारू एक तर पिण्याची किंवा उडवण्याची: दारूगोळा, शोभेची दारू, दारूखाना. आता तेलुगूकडे पाहा. ‘मंदू’ म्हणजे औषध, मंदू म्हणजे पिण्याची दारू, आणि ‘तुपाकी मंदू’ म्हणजे बंदुकीची दारू. कानडी ‘मद्दु’ही औषध आणि बंदुकीची दारू असा दुहेरी. चिनीत बंदुकीच्या दारूला ‘हुओयाओ’ म्हणतात, म्हणजे अग्नीचे औषध. तीच दोन अक्षरे जपानी ‘कायाकु’ वाचतो आणि कोरियन ‘ह्वायाक’. ज्या भाषांचे एकमेकींशी रक्ताचे नाते नाही त्यांनी हे अर्थ एका शब्दात का घातले असावेत? चीनपुरते उत्तर इतिहासात आहे. तिथले किमयागार आयुष्य वाढवणाऱ्या औषधांच्या शोधात गंधक आणि सोरा हाताळत होते. हे पदार्थ औषधांच्या यादीतलेच. त्यांच्या मिश्रणाने पेट घेतला तरी नाव औषधाचेच राहिले. १०४४ च्या एका चिनी युद्धग्रंथात तर त्याच्या कृती औषधाच्या कृतीसारख्या, वजनमापांसह दिल्या आहेत. इतरत्रही सामान्य माणसाच्या दृष्टीने हे तिन्ही पदार्थ जाणकाराने कुटून, मोजून, मिसळून दिलेले असत, थोड्याने मोठा परिणाम करीत आणि प्रमाण चुकले तर जीव घेत. एका नावाखाली ते यावेत यात मला तरी नवल वाटत नाही.

आता वैद्याचे चिनी अक्षर. चिनीत ते ‘यी’, जपानीत ‘इ’, कोरियनमध्ये ‘उइ’. त्याचे जुने पूर्ण रूप तीन भागांचे. वर डावीकडे एका चौकटीत बाण, उजवीकडे हातात धरलेले शस्त्र, आणि या दोघांना खालून आधार देणारा मद्याचा बुधला. बाण लागला, जखम झाली, मद्य ओतले, असा प्रसंग त्यात पाहणारे आहेत. तो प्रसंग खरा असो वा नसो, बुधल्याविषयी श्यू शेनचा कोश स्पष्ट सांगतो की मद्य रोगावर वापरले जाते म्हणून ते इथे आहे. आपल्या आसव-अरिष्टांची आठवण व्हावी असाच तो खुलासा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने आणि १९५६ पासून चीनने हे अक्षर सोपे केले. आता तिथे चौकटीतला बाण तेवढा उरला आहे. बुधला तैवानात आणि कोरियाच्या जुन्या लेखनात टिकून आहे.

आदिलाबादच्या डोंगरांत बुधला मोहाचा. तेलुगूत मोह ‘इप्पा’. गोंडी दारूला ‘कल’ म्हणते, तेलुगूतल्या ताडीच्या ‘कल्लु’चा हा सख्खा भाऊ. देवाला वाहायला, पाहुण्याला द्यायला, मयताला न्यायला कल लागते. पण मोह म्हणजे केवळ दारू नव्हे. तेच फूल वाळवून खातात. उटनूर भागात आदिवासी स्त्रिया त्याचे लाडू करतात, आणि हे लाडू अंगात रक्त कमी असलेल्या बायकांना व आश्रमशाळेतल्या मुलांना देण्याचा उपक्रम तिथल्या एकात्मिक आदिवासी विकास संस्थेने केला. एकाच फुलाचा एक रस्ता भट्टीकडे जातो आणि दुसरा औषधाकडे. यातला दुसरा रस्ता मोठा व्हावा, असे मला मनापासून वाटते.

ओळीचा व्यवहारातला अर्थ एवढाच: डॉक्टराने तेलुगूत ‘मंदू बंद करा’ म्हटले तर रुग्ण गोळ्या बंद करील, की दारू? गोळीसाठी ‘मात्रा’ म्हणावे आणि दारूचे नाव वेगळे घ्यावे.

ओळ पाचवी : शेतातले औषध घरात आणू नकोस.

आदिलाबाद कापसाचा जिल्हा. काळी जमीन, पावसाळ्यात हिरवीगार पऱ्हाटी, पाठीवर पंप. कीटकनाशकाला मराठी शेतकरी ‘औषध’ म्हणतो आणि ते ‘मारतो’. तेलुगू शेतकरी ‘पुरुगुल मंदू’ म्हणतो, किड्यांचे औषध. चिनीत ‘नोंगयाओ’, जपानीत ‘नोयाकु’, कोरियनमध्ये ‘नोंगयाक’: तिन्हींचा अर्थ शेतीचे औषध. चिनीत तर ‘याओ’चे क्रियापद करून उंदराला ‘औषध घातले’ म्हटले की उंदीर मारला असा अर्थ होतो. आणि आमच्याकडे ‘त्याने औषध घेतले’ हे वाक्य हळू आवाजात बोलले गेले की ऐकणाऱ्याला पुढचे विचारायचे धैर्य होत नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्यांनी विष प्यायले नव्हते. ते काम करीत होते. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली होती, अंग उघडे होते, फवारा श्वासातून आणि कातडीतून आत गेला.

ही ओळ म्हणूनच शब्दापाशी थांबत नाही, वस्तूवर बोट ठेवते. डबा घरात आणू नये, रिकामा डबा पाण्याला किंवा तेलाला वापरू नये. डब्यावर कोनावर उभा केलेला एक चौकोन असतो, वरच्या अर्ध्यात इशाऱ्याचा शब्द किंवा कवटीचे चित्र, खालच्या अर्ध्यात रंग. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी ठरवलेली ही खूण आहे. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. लिहिता-वाचता न येणाऱ्यासाठी घडवलेले हे खरेखुरे अक्षर आहे, आणि चिनी अक्षरासारखेच कोणत्याही भाषेत वाचता येते. पण अक्षर शिकवावे लागते. न शिकवलेला माणूस हिरव्याचा अर्थ ‘निर्धोक’ असा लावतो. नियमात हिरवा म्हणजे कमी विषारी. विष तेही आहे.

मी कीटकनाशकाला ‘विष’ म्हणावे असा आग्रह भिंतीवर धरला नाही. माणसांच्या तोंडचा शब्द पाटी लावून बदलत नाही. ‘शेतातले औषध’ आणि ‘घरातले औषध’ असा भेद मात्र लहान मुलालाही सांगता येतो.

ओळ सहावी : देवी आल्या तर नाव आदराने घे.

मराठीत रोगाचे नाव ‘देवी’. अनेकवचनी, आदरार्थी. त्या ‘आल्या’, ‘भरल्या’, ‘उतरल्या’. लस टोचणे म्हणजे ‘देवी काढणे’. तेलुगूत ‘अम्मवारु’, आणि तेलंगणाच्या प्रत्येक गावाच्या कडेला पोचम्मा. कोरियात देवीच्या रोगाला ‘मामा’ म्हणत. राजाराणीला लावायचे हे पद. ‘सोन्निम’ही म्हणत, म्हणजे पाहुणे. बारा-तेरा दिवसांनी पाहुण्यांना मानाने निरोप देण्याचा विधी तिथे होता. आपल्याकडे मरीआईचा गाडा गावाच्या शिवेपर्यंत ओढत नेतात, त्यामागेही तीच भावना. चीनमध्ये रोगाचे नाव ‘थिएनहुआ’, आकाशाची फुले. जपानात त्याचा स्वतंत्र देव होता.

ज्याचा राग ओढवेल त्याचे नाव सांभाळून घ्यावे, ही रीत इतक्या दूरदूरच्या लोकांत सारखी दिसते. तिला अडाणीपणा म्हणून हिणवणे मला मान्य नाही. कोरियन घरात पाहुणा आला की भांडण थांबे, मांसमच्छी थांबे, बाहेरच्यांचे येणे-जाणे थांबे. आपल्याकडेही दाराला कडुनिंबाची डहाळी लागली की शेजारी आत येत नसे. आदराच्या नावाखाली रोग्याला आपोआप वेगळे ठेवले जाई. आणि चीनमध्ये फुले मानणाऱ्या लोकांनीच खपल्यांची पूड नाकात फुंकून जीवघेणा आजार टाळण्याची युक्ती काढली होती. भक्ती आणि उपाय एका घरात राहू शकतात.

वैद्याच्या चिनी अक्षराचे दुसरे एक रूप इथे सांगायला हवे. त्यात तळाशी बुधल्याऐवजी ‘वू’ हे अक्षर आहे. वू म्हणजे देवऋषी, अंगात वारे घेणारा. वैद्य आणि देवऋषी हे एकाच पायावर उभे होते, याची ती नोंद आहे. आदिलाबादच्या गोंडांमध्ये अंगात येऊन रोगाचे कारण सांगणाऱ्या ‘भक्ताल’विषयी क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात सविस्तर लिहून ठेवले. कोणता देव रुसला, कोणाचे देणे राहिले, हे भक्ताल सांगतो. डॉक्टराने त्याच्याशी भांडू नये. आजारी माणूस आधी तिकडे जाणार हे धरून चालावे, आणि भक्तालाच्या तोंडून ‘आता दवाखान्यात ने’ हे शब्द यावेत इतकी त्याच्याशी ओळख ठेवावी.

देवीचा रोग भारतातून १९७५ मध्ये गेला. कांजिण्यांना अजूनही ‘अम्मवारु’ म्हणतात. नाव आदराने घ्यावे, असे ओळ म्हणते. दाखवायला उशीर करावा, असे ती म्हणत नाही.

ओळ सातवी : उतार पडला, मग बरा म्हण.

ताप उतरतो, पूर ओसरतो. चिनीत रोग बरा करणे ‘ची’. याच अक्षराचा अर्थ नदी आवरणे आणि राज्य चालवणे असाही आहे, आणि त्याच्या डावीकडे पाण्याचे तीन थेंब आहेत. जपानीत ‘नाओरु’ हे क्रियापद माणसालाही चालते आणि घड्याळालाही. माणूस बरा झाला तर ते पाण्याच्या अक्षराने लिहितात, वस्तू दुरुस्त झाली तर वेगळ्याने. आम्ही ‘तंदुरुस्त’ म्हणतो तेव्हा तन दुरुस्त असेच म्हणत असतो.

तेलुगूत ताप ‘तग्गिंदी’, कमी झाला. मराठीत आधी ‘उतार’, मग ‘आराम’, मग ‘बरा’. हा क्रम घरच्या बायका कसोशीने पाळतात. उतार पडला म्हणून औषध थांबवायचे नसते. क्षयाच्या रुग्णाला दोन महिन्यांतच बरे वाटू लागते आणि उपचार किमान सहा महिन्यांचा असतो, तिथे या ‘मग’ला फार महत्त्व आहे.

‘उतारा’ म्हणजे विषावरचे औषध. उतारा म्हणजे तिठ्यावर ठेवलेला नारळ-लिंबू. आणि उतारा म्हणजे कागदावरून उतरवून घेतलेला मजकूर, सात-बाराचासुद्धा. मात्रेप्रमाणे हाही शब्द वैद्याकडे आणि लेखनिकाकडे सारखाच राबतो.

ओळ आठवी : ज्याचे दुखणे, त्याच्या लिपीत लिही.

बाकीच्या सात ओळी या ओळीसाठी आहेत.

आदिलाबाद जिल्ह्यात नारनूर मंडळात गुंजाळा नावाचे गाव आहे. तिथल्या परधानांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या हस्तलिखितांकडे या शतकाच्या पहिल्या दशकात हैदराबाद विद्यापीठातल्या अभ्यासकांचे लक्ष गेले. जयधीर तिरुमल राव यांनी त्या कामाचा पाठपुरावा केला. गोंडी भाषा, पण लिपी देवनागरी नव्हे आणि तेलुगूही नव्हे. कागदांत पंचांग होते, गोंडांच्या पुराणपुरुषाच्या, लिंगोच्या, कथा होत्या, चांद्याच्या गोंड राजांच्या हकिकती होत्या. अभ्यासकांच्या अंदाजाने त्यांतले काही १७५० च्या सुमाराचे. या लिपीची वर्णमाला ‘क’पासून सुरू होत नाही. य, व, ब, भ, म, मग क, ख, त, थ, ल अशी ती चालते. ‘मत’ लिहायचे तर पाचवे अक्षर आणि आठवे अक्षर. २०१८ मध्ये युनिकोडने तिला संगणकावर स्वतंत्र जागा दिली. त्याआधी वर्षभर गोंडीच्या दुसऱ्या एका लिपीला, बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये घडवलेल्या लिपीला, जागा मिळाली होती.

‘त्याच्या लिपीत’ यावर शंका येते की गोंडी बोलणाऱ्यांतले किती जण ही लिपी वाचतात? थोडे. मग काय लिहावे? याला आदिलाबादचाच एक जुना दाखला आहे. निजामाविरुद्ध उठलेला गोंड पुढारी कुमराम भीम १९४० मध्ये जोडेघाटला मारला गेल्यावर निजाम सरकारने हायमेनडॉर्फला गोंडांची गाऱ्हाणी समजून घ्यायला बोलावले. १९४३ मध्ये मार्लवाईला गोंड शिक्षकांसाठी केंद्र उघडले आणि गोंडी भाषेतली वाचनपुस्तके छापली गेली. त्यांची लिपी देवनागरी होती, कारण त्या भागातल्या गोंडांना मराठीमुळे तीच जवळची होती. म्हणजे लिपी निवडताना रुग्णाचा डोळा कशाला सरावला आहे ते पाहावे. आज गोंडी मुले तेलुगू शाळेत शिकतात, त्यांच्यासाठी गोंडी शब्द तेलुगू अक्षरांत चालतील. महाराष्ट्राच्या बाजूला देवनागरीत. आणि गुंजाळ्याच्या लिपीत पाटी असावीच. जी लिपी पंचांगात आणि कुळकथेत टिकली ती दवाखान्याच्या दारावर दिसली, म्हणजे तिथे येणाऱ्या माणसाला आपण परक्या घरी आलो असे वाटणार नाही.

‘लिही’ हा आदेश डॉक्टराला आहे. पगडी ज्या वर्षी जन्मले त्याच १९१० मध्ये सोलापुरात द्वारकानाथ कोटणीस जन्मले. १९३८ मध्ये ते भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. त्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस चिनी बोलायला, वाचायला शिकले, कॅनडाचे डॉक्टर बेथ्यून यांच्या नावाच्या इस्पितळाचे प्रमुख झाले, आणि तरुण वैद्यकांना चिनीतूनच शिकवू लागले. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले तेव्हा शस्त्रक्रियेवरचे त्यांचे पाठ्यपुस्तक अपुरे राहिले होते. हजारो अक्षरांची लिपी सोलापूरचा माणूस युद्धाच्या धामधुमीत शिकू शकतो, तर गोंडीतले पन्नास शब्द शिकणे आदिलाबादला नेमलेल्या कोणत्याही डॉक्टराच्या आवाक्यातले आहे.

आधी काय लिहावे, याचे उत्तर कोरियाच्या हो जुन या राजवैद्याकडून घ्यावे. त्याचा ‘तोंगउइ पोगाम’ हा महाग्रंथ १६१३ मध्ये छापला गेला. ग्रंथ विद्वानांच्या चिनी लेखनात, पण झाडपाल्याची गावठी नावे त्यात कोरियन लिपीत दिलेली आहेत, म्हणजे डोंगरात जाऊन मुळी आणणाऱ्याला ती ओळखता यावी. त्याच्या काही वर्षे आधी, १६०८ च्या सुमारास, त्याने तीन लहान पुस्तकांचा अर्थ कोरियन लिपीत उतरवून दिला होता. एक बाळंतपणाचे, एक देवीच्या रोगाचे, एक तातडीच्या उपायांचे. चिनी वाचणारा शोधून आणण्याइतका वेळ या तीन प्रसंगांत मिळत नाही.

आदिलाबादेत देवींची जागा फवारणीच्या विषबाधेला द्यावी लागेल. तीन पाट्या, गोंडीत, कोलामीत, मराठीत, तेलुगूत, ज्याच्या त्याच्या लिपीत. बाळंतपणाची: रक्त थांबत नसेल, झटका आला, किंवा बारा तासांहून अधिक कळा चालल्या तर घरी वाट पाहू नका. सापाची: चिरू नका, चोखू नका, करकचून बांधू नका, हात किंवा पाय हलू न देता माणसाला उचलून आणा, उतारा दवाखान्यात आहे. आणि फवारणीची: भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा, उलटी करवू नका, आणि येताना औषधाचा डबा बरोबर आणा, म्हणजे त्यावरचे नाव आणि रंग डॉक्टराला वाचता येईल.